चांदवडमधलं एका ताईचं सेवा केंद्र: बाईचं काम बाईच्या नावाने करणारी जागा

चांदवडला एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे चालत निघालं की झेरॉक्स, स्टँप व्हेंडर आणि ऑनलाइन कामांची दुकानं लागतात. त्यातलं एक आपले सरकार सेवा केंद्र एक ताई चालवते. जागा लहान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि भिंतीला लागून एक लांब बाक. दुकानाचं नाव आणि ताईचं नाव तिच्याच सांगण्यावरून इथे देत नाही, पण नाशिक जिल्ह्याच्या या बाजूला ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांनी स्टँडवर "बाईचं सेवा केंद्र कुठे" एवढं विचारलं तरी लोक बोट दाखवतात.

मी तालुक्यातल्याच एका गावात कांदा करते आणि उमेद अभियानात बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती आहे. त्यामुळे घरची कामं आणि गटातल्या बायकांची कामं, दोन्ही घेऊन माझं इथे जाणं होतं. सातबारा, वारस नोंद, पीक विमा, नुकसानीची ई-केवायसी, फार्मर आयडी, ई-श्रम, जॉब कार्ड, सगळं इथून केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट मला आवडली ती तिचा पहिला प्रश्न. बाई आत आली की ताई आधी बसायला सांगते आणि मग विचारते, "काकू, तुमच्या स्वतःच्या नावावर काय आहे?" बाकीच्या ठिकाणी विचारतात, "मालक आलेत का?" एका दुसऱ्या केंद्रावर तर माझ्यासमोर एका बाईला "घरातल्या कोणा माणसाला पाठवा, तुम्हाला नाही कळायचं" असं सांगून परत लावलेलं मी पाहिलंय. तिची रब्बीची लागण तिने स्वतः उभं राहून करून घेतली होती. रोप टाकण्यापासून खत देण्यापर्यंत सगळं तिला तोंडपाठ होतं. पण काउंटरवर तिला कोणी शेतकरी धरत नव्हतं.

आता माझ्या धाकट्या जावेचं काम सांगते, म्हणजे हे केंद्र काय करतं ते नीट कळेल. माझे दीर 2021 च्या कोरोनाच्या लाटेत गेले. वाटणी आधीच झालेली होती, साठ गुंठे त्यांच्या नावावर होते. जाऊ, दोन लहान मुली आणि आमच्या सासूबाई मागे राहिल्या. शेती थांबली नाही, जावेनेच केली. सातबारा मात्र दिरांच्याच नावावर राहिला. दुःखाच्या दिवसांत कागदाचं कोणी काढत नाही, आणि नंतर काढलं की घरातली चार माणसं म्हणतात, "घाई काय आहे, जमीन कुठे पळून चाललीय."

मग 26 नोव्हेंबर 2023 ला गारपीट झाली. निफाड, चांदवड पट्ट्यातल्या लोकांना तो रविवार आठवत असेल. द्राक्षाचे घड फुटले, लाल कांद्याची पात जमिनीला चिकटली, उन्हाळ कांद्यासाठी टाकलेलं रोप मातीत गेलं. भाऊसाहेब म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येऊन पंचनामे करून गेले. यादी लागली तेव्हा जावेच्या शेताची नोंद होती, व्हीके नंबर, म्हणजे यादीतला विशिष्ट क्रमांक पण आला होता, पण नाव दिरांचं. ई-केवायसी केल्याशिवाय पैसे खात्यावर येत नाहीत, आणि ई-केवायसीला अंगठा लागतो तो यादीत नाव असलेल्या माणसाचा. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचा अंगठा मशीन मागत होतं. जाऊ तिथेच बाकावर रडली. ताईने शेजारचं दुकान सांभाळणाऱ्या पोराला चहा सांगितला आणि कॉम्प्युटरवरची दुसरी कामं बाजूला ठेवून तिचे कागद उघडले.

त्या दिवसाची मदत मिळाली नाही, ती मिळणारच नव्हती. पण ताईने ई-हक्क प्रणालीवरून वारस नोंदीचा अर्ज भरला. मृत्यू दाखला, आठ-अ, सगळ्यांची आधार कार्डं आणि वारसांचं शपथपत्र. इथे घरातून विरोध झाला तो मुलींच्या नावाला. "पोरींची नावं कशाला घालता, उद्या लग्नं झाली की हक्कसोड करायला परत खर्च." ताईने शांतपणे समजावून सांगितलं की बायको, मुलं आणि आई हे सगळे वारस आहेत, एकाला गाळलं तर शपथपत्र खोटं होतं, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलांच्या जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. फेरफाराची नोटीस निघाली, पंधरा दिवसांची मुदत गेली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. आज सातबाऱ्यावर जावेचं नाव आहे, सासूबाईंचं आहे, आणि दोन्ही मुलींच्या नावापुढे "अ.पा.क. आई" लिहिलेलं आहे, म्हणजे मुली अज्ञान आहेत तोवर आई पालनकर्ती. वारस नोंदीला मुद्रांक शुल्क लागत नाही. ताईने अर्ज भरायचे आणि प्रिंटचे मिळून जे घेतले त्याची पावती दिली, आणि मंजुरीसाठी कोणाला काही देऊ नका असंही सांगितलं.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत जावेचा लाल कांदा परत पाण्यात बसला. या वेळी पंचनामा तिच्या नावाने झाला, अंगठा तिचा लागला, पैसे तिच्या खात्यावर आले. रक्कम मोठी नव्हती. तेव्हा केंद्र सरकारच्या आपत्ती निधीच्या निकषात जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि फळबागेला 22,500 रुपये असा हिशोब होता, तोही 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तरच. साठ गुंठ्यात त्यातून रोपाचा आणि लागणीचा खर्चसुद्धा निघत नाही. पण ते पैसे कोणाला विचारून खर्च करायचे हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता. तिने नवीन उळे, म्हणजे कांद्याचं बी घेतलं.

मागे नाशिकला आम्हा सीआरपींचं हवामान बदलावर प्रशिक्षण झालं होतं. तिथे देशाचा हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा समजावून सांगितला. तो 2008 सालचा आहे आणि त्यात आठ मिशन आहेत: सौरऊर्जा, ऊर्जा बचत, शहरी वस्ती, पाणी, हिमालय, हरित भारत, शाश्वत शेती आणि ज्ञान. त्यात एका ठिकाणी स्पष्ट लिहिलंय की हवामान बदलाचा फटका बायकांना जास्त बसेल, पाणी कमी होईल, सरपण कमी होईल, आरोग्यावर परिणाम होईल, आणि म्हणून योजना करताना स्त्रियांकडे विशेष लक्ष द्यावं. मी ते ऐकून बरं वाटून घेतलं होतं. नंतर जावेबरोबर या बाकावर बसले तेव्हा त्यातली उणीव मला दिसली. त्या आराखड्यात बाई आहे ती सोसणारी म्हणून. शेती करणारी, पीक ठरवणारी, जमिनीची धनी म्हणून ती तिथे ठळक दिसत नाही. आणि जिला जमिनीची धनी म्हणून सरकार ओळखत नाही, तिच्याकडे विशेष लक्ष द्यायचं तर ते पोहोचवणार कोणत्या खात्यावर?

आकडे बघा. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहिवाटींपैकी जेमतेम चौदा बायकांच्या नावे निघाल्या, आणि क्षेत्र धरलं तर बारा टक्क्यांच्याही आत. आणि कांद्याच्या वावरात जाऊन कोणी मोजलं तर लागणीला, निंदणीला, काढणीला, पात कापायला वाकलेल्या सगळ्या बायकाच दिसतील. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकरी कोणाला म्हणायचं ते फार चांगलं लिहिलंय, त्यात जमीन नावावर नसलेले, खंडाने करणारे, शेतमजूर हे सगळे येतात. एम. एस. स्वामिनाथन यांनी 2012 मध्ये महिला शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी राज्यसभेत खाजगी विधेयकही मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. आता पीक विमा, अनुदान, नुकसान भरपाई सगळं फार्मर आयडीला जोडलंय आणि फार्मर आयडी सातबाऱ्याला. म्हणजे 2007 च्या कागदावरची शेतकरी बाई 2025 च्या संगणकात शिरतच नाही.

तिकडे जगाच्या पातळीवरही यावर बोलणं चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदांमध्ये 2014 साली लिमाला स्त्री-पुरुष समानतेचा कार्यक्रम ठरला आणि 2025 च्या नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये बेलेमला नवा कृती आराखडा मंजूर झाला. 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर झालंय. हे सगळं व्हावं, मला त्याची किंमत आहे. फक्त दिल्लीत आणि मुंबईत जे लोक हे देशाच्या योजनेत बसवणार आहेत, त्यांनी एक दिवस अशा केंद्रावर येऊन बसावं आणि किती बायका कोणत्या कागदापाशी अडतात ते बघावं.

चांदवडला हे सांगायला मला जास्तच हक्क वाटतो. नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन याच गावात भरलं होतं. आमच्या सासूबाई तेव्हा नव्या सुनेच्या वयाच्या, गावातल्या बायकांबरोबर बैलगाडीने आल्या होत्या. "एवढ्या बाया मी पुन्हा कधी एका जागी पाहिल्या नाही," असं त्या अजून सांगतात. त्यातूनच पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्याने स्वतःहून बायकोच्या नावे जमीन करायची. 1992 साली शासनाने परिपत्रक काढून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावायची सोयही केली. सासूबाईंच्या नावावर मात्र तेव्हा काहीच झालं नाही. त्यांचं नाव पहिल्यांदा सातबाऱ्यावर आलं ते मुलगा गेल्यावर.

म्हणून ताईच्या दुकानात भिंतीवर हाताने लिहिलेला लक्ष्मीमुक्तीच्या अर्जाचा कागद चिकटवलेला आहे, त्याचं मला फार कौतुक. जोडपं सातबारा काढायला आलं की ती पुरुषाला म्हणते, "दादा, ताईंचं नाव सोबत लावून घेता का? अर्ज मी करून देते." काही जण हसून टाळतात. काही जण खरंच लावून घेतात. आमच्या घरच्यांनी लावलं, आता आमचा फार्मर आयडी दोघांचा वेगवेगळा निघालाय. नवरा जिवंत असताना, घर सुखात असताना नाव लागणं, हे मला वारस नोंदीपेक्षा मोठं काम वाटतं. गार पडल्यावर, माणूस गेल्यावर कागद शोधायची वेळ बाईवर यायला नको.

दुसरं चांगलं काम ती करते ते मोबाइल नंबरचं. आमच्याकडे बहुतेक बायकांच्या आधारला, बँकेला आणि शेतीच्या नोंदीला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो, हवामानाचा मेसेज त्याच्याकडे जातो. तो पिंपळगावला लिलावाला ट्रॅक्टर घेऊन गेलेला असतो आणि बाई वावरात कांदा पसरून बसलेली असते. ताई सांगते, "आधी आधारला तुमचा नंबर जोडून या, मग पुढचं काम." सुरुवातीला बायकांना ही अडवणूक वाटते, पण ती सगळं समजावून सांगते. मेघदूत आणि दामिनी ही दोन ॲप ती विनामूल्य टाकून देते. मेघदूतवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा पीक सल्ला मराठीत येतो, दामिनी वीज पडण्याचा इशारा देते. माळावर शेळ्या घेऊन जाणाऱ्या बायकांसाठी दामिनी फार उपयोगाचं आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ताई सल्ला स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून गटावर टाकते. त्याचे ती पैसे घेत नाही आणि त्यासाठी तिला कोणी पैसे देतही नाही.

पीक विम्याबाबत तिचं वागणं सरळ आहे. एक रुपयात विमा होता तेव्हा ती एकच रुपया घ्यायची, कारण केंद्राला अर्जामागे 40 रुपये कंपनीकडून मिळत होते. कितीतरी ठिकाणी शंभर, दोनशे मागितले जायचे. 2025 च्या खरिपापासून ती योजना बंद झाली. आता खरिपाच्या धान्य पिकांना 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कांद्यासारख्या नगदी पिकाला 5 टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा आहे, आणि त्या खरिपात भरपाई पीक कापणी प्रयोगावरच, म्हणजे नमुन्याच्या शेतात कापून मोजलेल्या उत्पन्नावरच ठरली. ताई हे सगळं अर्ज भरण्याआधी सांगते आणि मग विचारते, भरायचा का. मला हे प्रामाणिक वाटतं, कारण अर्ज भरला तर तिचाच फायदा असतो.

एका बाबतीत हे केंद्रही काही करू शकत नाही, आणि ते लिहिलं पाहिजे. आमच्या गटात निम्म्या बायका रोजाने जाणाऱ्या आहेत. गारा पडल्या की वावराच्या धन्याचा पंचनामा होतो. ज्या बाईची पंधरा-वीस दिवसांची लागणीची रोजंदारी बुडाली तिचा पंचनामा नाही. मे महिन्यात दुपारी कांदा काढताना चक्कर येऊन घरी बसली, तिचाही नाही. ताई त्यांचं ई-श्रम कार्ड काढून देते, रोजगार हमीची काम मागणी भरून देते आणि पोच घ्यायला लावते. त्यापुढे तिच्या पोर्टलवर बटणच नाही. हे बटण दिल्लीच्या धोरणातून यायला हवं. बुडालेली मजुरी हे हवामानाने केलेलं नुकसानच आहे, आणि ते सगळ्यात आधी बाईच्या पदरात पडतं.

आता केंद्राच्या तक्रारी. जागा अपुरी आहे, गर्दी झाली की बायका रस्त्यावर उभ्या राहतात, उन्हात लहान पोरं घेऊन. जवळपास बायकांना जायला स्वच्छ शौचालय नाही, आणि खेड्यातून सकाळी निघालेल्या बाईसाठी ही मोठी अडचण आहे. सर्व्हर बंद पडला की अर्धा दिवस जातो, त्याला ताई जबाबदार नाही, पण ती फोन उचलत नसल्याने येण्याआधी विचारता येत नाही. केंद्र संध्याकाळी सहाला बंद होतं. रोजाने जाणारी बाई त्याआधी पोहोचू शकत नाही, खाडा करूनच यावं लागतं. आठवड्यातून एक दिवस तरी तिने आठपर्यंत उघडं ठेवावं असं मी तिला सांगितलंय. तिचं म्हणणं, उशीर झाला की तिलाही घरी जायला गाडी नाही. तेही खरं. आणखी एक, सगळा भार तिच्या एकटीवर आहे. ती आजारी पडली त्या आठवड्यात आमची कामं तशीच पडून राहिली. मदतीला ठेवलेली मुलगी हुशार आहे, पण वारस नोंदीचं काम तिला अजून जमत नाही.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो जागेसाठी आणि वेळेसाठी.

जाणार असाल तर आधार, बँकेचं पासबुक, ताजा सातबारा आणि आठ-अ घेऊन जा. वारस नोंदीसाठी मूळ मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची, मुलींचीसुद्धा, आधार कार्डं लागतात. फोन स्वतःचा न्या, चार्ज करून. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज करायचा असेल तर नवऱ्याला सोबत न्या, सही त्याची लागते. आणि जुलैचा शेवटचा आठवडा टाळा, विम्याच्या मुदतीमुळे तेव्हा बाकावर बसायलाही जागा मिळत नाही.